अकरावा दगड

करंजखोरे नावाच्या अभयारण्याच्या पायथ्याला एक गाव होते आणि त्या गावात विश्राम शेलार नावाचा एक सायकलवाला राहत होता. त्याच्या आजोबांच्या काळात दुकानातून तासाच्या भाड्याने सायकली जात. विश्रामच्या हाती दुकान आले तोवर भाड्याची सायकल कुणालाच नको झाली होती. मग तो डोंगरात चालवायच्या, जाड टायरच्या, गिअरच्या सायकली दुरुस्त करू लागला. दुरुस्त करता करता स्वतःच त्या चालवण्याच्या नादी लागला. नाद तरी कसा, ताटात भाकरी वाढली तर तिच्या फुगवट्यावरही त्याला चढ-उतार दिसत.

त्याच्यासारखेच वीस-बावीस नादिष्ट जमले. त्यांनी डोंगरचाक मंडळ काढले आणि विश्रामला म्होरक्या केले. अडचण एकच होती. डोंगर त्यांचा नव्हता. अभयारण्यात सायकलीला मनाई होती. सुरुवातीला ही मंडळी चोरून जात. दोनदा सापडली आणि दोन्ही वेळा सायकली जप्त झाल्या. तेव्हा विश्राम म्हणाला, "चोरून खाल्लेला घास अंगी लागत नाही. आपण मागून घेऊ." त्याने वनविभागाकडे अर्ज केला. दर वर्षी एक, असे सहा अर्ज झाले. साहेब बदलत गेले आणि अर्ज फायलीत झोपून राहिला.

सातव्या वर्षी वनक्षेत्रपाल म्हणून मृणालिनी बाबर आल्या. बाई कडक होत्या, पण कान उघडे ठेवून काम करणाऱ्या होत्या. त्यांनी सहाही अर्ज वाचले आणि विश्रामला बोलावून घेतले.

"मला ती वाट दाखवा," त्या म्हणाल्या. "सायकल नको. पायी चला."

दोघे पायी गेले. वाट साधीच होती. वनविभागाच्या नाक्यापासून ती वर धनगरवाड्याला जाई. धनगरवाडा म्हणजे गवळी धनगरांची पाच घरे, त्यांच्या म्हशी आणि कुत्री. तिथून पुढे वाट एका उतारावरून खाली झऱ्याकडे जाई. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता; त्यांच्या नावाने त्या झऱ्याला आसरांचे पाणी म्हणत. वाड्यावरची माणसे तेच पाणी पीत, म्हशी तेच पीत आणि माणसांची चाहूल नसली की गवे आणि भेकरेही तिथेच येत. सगळ्यांना पुरून उरेल असे ते पाणी होते आणि भर उन्हाळ्यातही तळ दिसावा इतके ते स्वच्छ असे.

बाबर मॅडमनी परवानगी दिली. या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत, एक वर्ष. आठवड्यातून तीन दिवस, फक्त दिवसाउजेडी. मृगापासून वाट बंद. म्हशी समोर आल्या तर सायकलवाल्याने उतरायचे. आणि शेवटची अट अशी की, वाट आहे तशीच ठेवायची, तिला हात लावायचा नाही.

"वर्ष संपलं की मी पुन्हा बघेन," मॅडम म्हणाल्या. "वाट नीट राहिली तर परवानगी कायमची. बिघडली तर पुन्हा अर्ज आणू नका. माझ्याकडे माणूस एक आणि डोंगर तीन आहेत. तुमच्या पाठीमागे राखण ठेवणं मला जमणार नाही. मी तुमच्या शब्दावर चालले आहे."

विश्रामने सही केली. त्या दिवशी त्याने दुकानात येईल त्याला पेढा दिला.

सुरुवात चांगली झाली. एकदा उतारावर त्याला समोरून म्हशी आल्या. मागे लांब काठी घेतलेली एक म्हातारी होती. तिचे नाव ठकूबाई ढेबे. विश्राम अटीप्रमाणे उतरला आणि सायकल हाताने ढकलत कडेला नेऊ लागला, तर म्हशी आणखीच बुजल्या. ठकूबाई ओरडली, "आरं, तुजं ते मागचं चाक टकटक वाजतंय! त्याला भ्यात्यात त्या. उचल की वर!" विश्रामने सायकल उचलून खांद्यावर घेतली. चाक थांबले, टकटक थांबली आणि म्हशी शेपट्या हलवत निघून गेल्या. त्याने त्याच संध्याकाळी मंडळात सांगून टाकले की, म्हशी दिसल्या की सायकल खांद्यावर. बाबर मॅडमनी हे सांगितले नव्हते, पण त्याला ते पटले होते. ठकूबाईने चार वेळा हे पाहिले आणि पाचव्या वेळी त्याला तांब्याभर ताक दिले. धनगराघरचे ताक उगीच कुणाला मिळत नाही.

चैत्रापर्यंत सगळे असे सुरळीत चालले आणि मग बर्गे सर पडले.

बर्गे सर हायस्कूलला विज्ञान शिकवत. मंडळातले सगळ्यांत उत्साही तेच. झऱ्याकडच्या उतारावर त्यांचे पुढचे चाक एका दगडाला अडले, सर हँडलवरून पुढे फेकले गेले आणि हासळीचे हाड मोडले. विश्रामने त्यांना पाठीवर घेऊन नाक्यापर्यंत आणले. सर वाटभर कण्हत होते आणि ते कण्हणे विश्रामच्या कानातून जाईना. उद्या कुणाचे डोके फुटले तर काय, या काळजीने त्याला घेरले.

त्या उतारावर असे अकरा दगड होते. अर्धे जमिनीत पुरलेले, वीतभर वर आलेले, वाटेवर तिरके आडवे पडलेले. चालणारा त्यांच्यावर पाय देऊन उतरे, म्हशी त्यांना ओलांडून जात. सायकलवाल्याला मात्र ते दातात अडकल्यासारखे खुपत. सायकलवाल्याच्या डोळ्यांना वाटेतला दगड म्हणजे अडथळाच दिसतो. तो तिथे कुणी ठेवला असेल, कशासाठी ठेवला असेल, असा प्रश्न त्या डोळ्यांना पडत नाही.

वैशाखात वरचे गवत संपे. तेव्हा वाड्यावरची माणसे म्हशी घेऊन पाऊस लागेपर्यंत खाली धरणाच्या काठाला उतरत. वाडा ओस पडला होता. अशा एका सकाळी विश्राम आणि मंडळातले चौघे पहारी घेऊन गेले. दोन रविवारांत त्यांनी अकराही दगड उचकटले आणि शेजारच्या घळीत लोटून दिले. खळगे मातीने बुजवले आणि पायांनी चोपून सारखे केले. घाम गाळून केलेले काम होते ते. विश्रामला अट आठवत होती. पण त्याने मनाची समजूत घातली की, आपण वाटेला कुठे हात लावला, वाटेतले दगड तेवढे काढले. मन हे फार समजूतदार असते. त्याला सोयीची गोष्ट एकदाच सांगावी लागते.

त्यानंतर दहा-बारा दिवस सायकली त्या उतारावरून लोण्यातून सुरी जावी तशा गेल्या. मग मृग आला आणि ठरल्याप्रमाणे वाट बंद झाली. मंडळाने ती अट तंतोतंत पाळली. नाक्यापलीकडे कुणी चाक टाकले नाही.

आषाढ संपताना बातमी आली. झऱ्याकडचा उतार वाहून गेला होता. वाटेचा कंबरभर खोल ओहोळ झाला होता. तिथली सगळी माती खाली जाऊन आसरांचे पाणी बुजले होते. जिथे तळ दिसायचा तिथे तांबडा चिखल झाला होता. वाड्यावरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन, भर पावसात दीड कोसावरच्या ओढ्यावर जात होत्या. श्रावणात आणखी एक घडले. ठकूबाईची कवडी नावाची वगार, अजून न व्यालेली तरणी म्हैस, तहानेने सवयीच्या जागी गेली आणि चिखलात पोटापर्यंत रुतली. पाच माणसांनी दोर लावून ओढले. ती निघाली नाही. संध्याकाळपर्यंत तिचा आवाज वाड्यावर ऐकू येत होता आणि मग तो थांबला.

वनविभागाने पंचनामा केला. चिखलात सगळीकडे म्हशींच्या खुरांचे ठसे होते. ते असणारच, कारण तिथे रोज जात होत्या त्या म्हशीच. सायकलीच्या चाकाची एक रेघही नव्हती. कागदावर लिहिले गेले की, म्हशींच्या वर्दळीने वाट खचली आणि पाणवठा बुजला.

भाद्रपदात, गणपती गेल्यावर, बाबर मॅडमनी नाक्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा बोलावली. वाड्यावरच्यांना यायला सांगितले आणि मंडळालाही. सभेत काय होणार हे आदल्या दिवशीच गावभर झाले होते. म्हशींना ती वाट कायमची बंद होणार होती. वाड्याने कड्यावरून वळसा घालून ओढ्याला जायचे. उतार दुरुस्त झाला की वाट सायकलींना मिळणार होती, तीही कायमची.

विश्राम आदल्या दिवशी मॅडमची परवानगी काढून एकटाच पायी वर गेला. उताराच्या माथ्यावर उभे राहून त्याने खाली पाहिले. ओहोळ कुठून सुरू झाला ते स्पष्ट दिसत होते. पहिला दगड जिथे होता, बरोबर तिथून. पाणी वरून येई, तिरक्या दगडाला अडे आणि कडेच्या कारवीत शिरून जाई. पुढच्या दगडाला पुन्हा तेच होई. अकरा ठिकाणी पाण्याला वाट सोडावी लागे. त्याने अकराही ठिकाणी पाण्याला मोकळे सोडले होते. घळीत खाली एक दगड उताणा पडला होता आणि त्याच्यावर पहारीचा पांढरा ओरखडा अजून तसाच होता.

संध्याकाळी त्याने मंडळाला हे सांगितले. मग बर्गे सर बोलले.

"वाईट झालं खरं. पण आता बोलून ते पाणी निवळणार आहे का? सहा वर्षं वाट पाहिली आपण. घास तोंडाशी आला आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, विश्राम."

"सर, वड्याचं तेल वांग्यावर निघतंय."

"आपण थोडंच काढलंय? पंचनामा सरकारचा आहे. आपल्याला कुणी विचारलेलं नाही. आपण खोटं बोलायचं नाही, नुसतं गप्प बसायचं."

खरे सांगायचे तर विश्रामला यावर उत्तर शोधायचेच नव्हते. ती वाट त्याला हवी होती. सहा वर्षे तो तिच्या नावाने झोपला आणि उठला होता. आणि त्याच्या शब्दावर वीस माणसे थांबली होती, तीही त्याचीच होती. तो घरी गेला. ताटावर बसला आणि भाकरी तशीच ठेवून उठला.

सभा भरली. एका बाजूला वाड्याची माणसे जमिनीवर बसली. दुसऱ्या बाजूला मंडळ खुर्च्यांवर बसले. खुर्च्या का आणि जमीन का, हे कुणी ठरवले नव्हते. बाबर मॅडमनी पंचनामा वाचला. मग त्या विश्रामकडे वळल्या.

"या मंडळाने दिलेला शब्द पाळला," त्या म्हणाल्या. "पावसात एकही सायकल वर गेली नाही. मला याचा आनंद आहे."

विश्रामने मान खाली घातली. शेजारी बसलेल्या सरांनी त्याच्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला.

ठकूबाई उठून उभी राहिली. तिने काठी दोन्ही हातांनी धरली होती.

"मॅडम, म्हशींनी वाट खचवली म्हणता. म्हशी काय औंदाच आल्या डोंगरात? माज्या सासऱ्याच्या आज्याच्या म्हशी त्याच वाटनं पान्यावर गेल्या. आमच्या वाड्यावर नवी सून आली की पहिल्या उन्हाळ्यात ती वाटंवर एक दगड बसवती. पानी वाटंवरनं पळू नये म्हनून. अकरा सुनांचे अकरा दगड हुते. पाऊस लागल्यावर आमी धरनावरनं आलो तवा एक बी न्हवता. बायामानसांनी बसवल्याला दगड पान्यानं जात न्हाई. आजवर एक गेला न्हाई."

"आजी, पाऊस यंदा मोठा झाला," मॅडम म्हणाल्या. "वाहून गेले असतील."

ठकूबाईने मान हलवली. मग तिने सायकलवाल्यांच्या बाजूला पाहिले आणि तिची नजर विश्रामवर थांबली.

"सायकलवाल्या, तू सांग. आमी खाली हुतो तवा तूच जायचास त्या वाटनं. म्हशी बुजू नयेत म्हनून चाक खांद्यावर घेनारा मानूस तू. तू खोटं बोलायचा न्हाईस. आमी गेल्यावर दगड हुते का न्हवते?"

विश्रामला वाटले, हिने आपल्याला शिव्या घातल्या असत्या तर फार बरे झाले असते. शिव्यांपुढे माणूस गप्प बसू शकतो. विश्वासापुढे बसणे अवघड असते.

तो उठला. सरांचा हात त्याच्या गुडघ्यावरून गळून पडला.

"होते," तो म्हणाला. "अकराही होते. मी काढले. पहार मी धरली होती, काढायला मीच सांगितलं होतं. सायकली अडत होत्या म्हणून. ते कशासाठी आहेत हे मला माहीत नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. तुमचं पाणी माझ्यामुळे बुजलं, ठकूमावशी. कवडी माझ्यामुळे गेली. म्हशींचा यात काही दोष नाही."

ठकूबाई सावकाश खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. ते पाहणे त्याला सर्वांत जड गेले.

बाबर मॅडमनी हातातला कागद आडवा फाडला.

"यात माझीही चूक आहे," त्या म्हणाल्या. "मी खुरांचे ठसे मोजले. दगडांच्या जागा बघितल्या नाहीत. मीही गेल्या वर्षी त्यांच्यावरूनच चालत गेले होते आणि मलाही ते नुसते दगड वाटले." मग त्या विश्रामला म्हणाल्या, "वाट म्हशींची होती, म्हशींचीच राहील. तुमची परवानगी आजपासून रद्द. पुन्हा अर्ज आणू नका, असं मी सांगितलं होतं. ते कायम आहे."

"मान्य आहे," विश्राम म्हणाला. "फक्त दर रविवारी मला पायी वर जाऊ द्या. पहार घेऊन. दगड परत बसवायचे आहेत."

मॅडमनी होकार दिला.

मंडळ फुटले. सहा वर्षांची मेहनत एका वाक्यात मातीत घातली, असे लोक त्याला तोंडावर म्हणाले. बर्गे सरांनी बोलणे सोडले. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी विश्राम एकटाच घळीत उतरला आणि एकटाच एक दगड वर ढकलू लागला. तो दगड दोन माणसांचा होता. संध्याकाळपर्यंत तो अर्ध्या घळीत आला. दुसऱ्या रविवारी वर आला. तिसऱ्या रविवारी विश्राम दुसऱ्या दगडाला खांदा देत होता, तेव्हा शेजारी आणखी एक खांदा लागला. बर्गे सर होते. हासळी अजून दुखत होती, म्हणून त्यांनी डावा खांदा लावला होता.

"मी मुलांना विज्ञान शिकवतो," सर म्हणाले, "आणि उतारावरचं पाणी कुठे जातं ते मला कळलं नाही. हे बघ, बोलू नकोस. ढकल." हळूहळू आणखी पाच जण आले. बाकीचे आले नाहीत ते नाहीच आले.

ठकूबाई सुरुवातीला नुसती येऊन बसे. माथ्यावरच्या खडकावर बसून ती काम बघे आणि अंधार व्हायच्या आधी उठून जाई. ताकाचे नाव नव्हते. चौथ्या रविवारी विश्रामने पहिला दगड ओहोळात बसवला, भोवती माती चोपली आणि कपाळाचा घाम पुसला. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"सरळ बसवलास. पानी वरनं उडी मारंल त्याच्या. तिरपा पायजे. काढ."

त्याने काढला. पुन्हा बसवला. पुन्हा काढायला लावला. तिसऱ्या वेळी ती खाली आली, दगडावर उभी राहिली आणि दोन्ही टाचांनी तिने तो हलवून पाहिला. तो हलला नाही. "हा सगुनाचा," ती म्हणाली. "माज्या थोरल्या जावंचा. मरून बारा वर्सं झाली." पुढच्या रविवारी दुसरा बसला. तो पारूचा होता. मग भागीरथीचा. प्रत्येक दगड ती बघताक्षणी ओळखे, कुठला कुठे होता ते काठीने दाखवी आणि बसला की टाचा मारून बघे. विश्रामला ती नावे पाठ झाली. ज्यांना तो अडथळे म्हणून ओळखत होता, त्यांना आता नावाने ओळखू लागला.

शिमग्यापर्यंत दहा दगड बसले. अकरावा घळीच्या अगदी तळाशी सापडला. लोटून दिला तेव्हा तो खडकावर आपटून दुभंगला होता. विश्रामने दोन्ही तुकडे वर आणले आणि ठकूबाईच्या पुढे ठेवले. तिने ते जोडून पाहिले. वरच्या अंगाला मधोमध एक गुळगुळीत खोलगट जागा होती, पायांनी झिजलेली.

"हा कुणाचा?" विश्रामने विचारले.

"माजा," ती म्हणाली.

विश्राम मटकन खाली बसला. त्याला माफी मागायची होती, पण त्या दोन तुकड्यांपुढे माफी हा शब्द फार लहान होता. तो रडला. चाळिशीचा बाप्या माणूस, ढेकळावर बसून, सगळ्यांदेखत रडला. ठकूबाई त्याला थांब म्हणाली नाही.

पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "फुटल्याला दगड पानी धरत न्हाई. दुसरा आन."

"मी आणतो. तुम्ही बसवा."

"मी कशाला? येका बाईनं येकदाच बसवायचा असतो. ह्या वाटंवर भायेरनं आल्याल्याचा दगड असतो. मी बी भायेरनंच आल्ते, सतरा वर्साची. दगड बसवला तवा सासरा म्हनला, आता ही वाट तुजी. तू बी भायेरनं आलायस." तिने काठीने रिकामी जागा दाखवली. "बसव."

विश्राम दोन रविवार दगड शोधत होता. शेवटी ओढ्यात एक मिळाला. तो आणून बसवायला त्याला सबंध दिवस लागला, कारण त्याने तो स्वतःच चार वेळा काढला. पाचव्यांदा ठकूबाई त्याच्यावर उभी राहिली. टाचा मारल्या. काठी रोवून, सगळे अंग हलवून पाहिले.

"हलत न्हाई," ती म्हणाली. पुढच्या रविवारी येताना तिने ताक आणले.

चैत्राअखेर वाड्याने आणि मंडळातल्या उरलेल्यांनी मिळून झरा उपसला. मग पावसाळा आला. नाक्यापलीकडे काय होत असेल, या विचाराने विश्राम दुकानात पंक्चर काढता काढता थांबे. श्रावणात वाड्यावरचा एक जण बाजाराला आला होता. त्याने झाकण लावलेला एक तांब्या दुकानाच्या फळीवर ठेवला. "ठकूमावशीनं दिलंय. बघ म्हनली." विश्रामने तांब्यातले पाणी काचेच्या पेल्यात ओतले आणि उजेडात धरले. तळाला मातीचा कण नव्हता. दारात गिऱ्हाईक खोळंबले होते, तरी तो आधी ते पाणी प्यायला.

त्याने अर्ज केला नाही. करायचा नाही असे ठरलेच होते. दसऱ्याच्या आधी बाबर मॅडमच्या टेबलावर एक अर्ज आला तो धनगरवाड्याचा. खाली पाच घरांचे अंगठे होते. वाटेवर दगड असलेल्या माणसाला वाट बंद असू नये, एवढेच त्यात लिहिले होते. मॅडमनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी परवानगी लिहिली आणि अट वाड्याला विचारून घातली. ज्याला या डोंगरात सायकल चालवायची आहे, त्याने आधी वाड्याच्या देखरेखीखाली नाका ते वाडा या वाटेवर एक दगड बसवायचा आणि दर चैत्रात त्याची निगा राखायची. झऱ्याकडच्या उतारावर अकरा ठिकाणी उतरायचे, सायकल खांद्यावर घ्यायची आणि दगड ओलांडायचा. शहरातून आलेले काही जण हे ऐकून हसले आणि परत गेले. बर्गे सरांचा दगड पहिल्याच पावसात हलला. त्यांनी पुढचे तीन रविवार त्याच्यावर घालवले आणि शाळेत कुणाला सांगितले नाही.

पुढे दोन वर्षांनी वाड्यावर एक नवी सून आली. ठकूबाई तिला पाण्याची वाट दाखवायला घेऊन गेली. उतारावर एकेका दगडाला काठी लावून ती नावे सांगत होती. हा सगुणाचा, हा पारूचा, हा भागीरथीचा. अकराव्या दगडाशी ती थांबली.

"आन हा सायकलवाल्याचा."

"तो कुनाच्या घरातला?" नव्या सुनेने विचारले.

"ह्या वाटंच्या," ठकूबाई म्हणाली आणि बाराव्या दगडासाठी जागा बघू लागली.

तात्पर्य: वाट वापरल्याने आपली होत नाही, तिची निगा राखल्याने होते, आणि आपल्या चुकीचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर चढताना पाहून जो गप्प बसतो, तो खोटे न बोलताही खोटाच ठरतो.